ओल्या नायलॉनचा सूड

नाही, मला सांगा, खुर्ची मोडली आणि दोष कुणाचा? माझा! गिऱ्हाइकासमोर आमचे साहेब ऐटीत टेकले, आमच्याच कारखान्यातल्या घडीच्या खुर्चीचा नायलॉनचा सांधा कडाडकन गेला... साहेब फरशीवर, पाय वर, आणि तिथूनच ओरडतायत, "तुमच्या कॉम्प्युटरनं टिकेल म्हणून सांगितलं होतं ना? पुन्हा असं झालं तर कायमचे घरी बसा!" अहो, कॉम्प्युटर काय ज्योतिषी आहे? नायलॉन किती ताण सोसतं तो आकडा आपण द्यायचा, मग तो गणित करणार. आकडा दिलेला साहेबांनीच! पण हा आकडा आला कुठून?

विचारलं. "आला कुठून म्हणजे? वीस वर्षं हाच वापरतोय आपण!" अहो, वीस वर्षं घोरलात म्हणून त्याचं गाणं होतं का? हे मनात म्हटलं, घरी दोन पोरं आहेत.

पुस्तकं काढली. तीन पुस्तकं, तीन आकडे, आणि तिन्ही एकमेकांचाच हवाला देतायत! मग नायलॉन विकणाऱ्याला धरलं, बाबा रे, हा आकडा आला कुठून? तो मधाळ आवाजात, "सर, आमच्याच कागदावरचा की! साच्यातून काढल्या काढल्या, कोरड्याठाक नायलॉनचा. नंतर ते हवेतलं पाणी पितं ना सर... निम्मं बळ जातं." आणि कागदाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, 'या आकड्यांवर विसंबून काही बनवू नये.' मग छापता कशाला, नक्षी म्हणून?

तुम्हाला सांगतो, माझं टाळकंच सटकलं. त्याच नायलॉनच्या दहा पट्ट्या भिजवल्या, मशीनवर ओढून तोडल्या. खरंच निम्मं बळ! पण साहेब कागद बघून ऐकणार? छे! म्हटलं, त्यांची आणि फरशीची पुन्हा गाठ घालून देतो. एक सांधा तीन आठवडे बादलीत मुरवला, खाली कारखान्यात सांधे ओतणाऱ्या साचेवाल्याला तो खुर्चीला लावायला सांगितला, मीटिंग बोलावली आणि गोड हसून म्हटलं, "बसा ना साहेब! वीस वर्षांचा आकडा आहे!"

बसले. मी कान टवकारून उभा... काही नाही! मागे रेलले. मांडीवर मांडी टाकली. पाय हलवत म्हणाले, "हं, काय म्हणत होता?"

धावत खाली गेलो. साचेवाला खुशीत, "तो सांधा ना? बादलीत पडला होता हो! ओलं नायलॉन कधी चालतं का? नायलॉनचे दाणे वाळवायच्या भट्टीत दोन दिवस ठेवला, खडखडीत करून मगच लावला!" अरे देवा, दाणे वाळवायचे असतात साच्यात घालण्याआधी, तयार सांधा कोण वाळवतं? पण बिचाऱ्यानं मायेनं केलेलं!

वर येतो तर साहेबांनी फाईल उघडलेली. त्या आकड्यापुढे 'कुठून आला' हा रकाना वीस वर्षं रिकामा... तिथे त्यांनी ठसठशीत माझं नाव लिहिलं, खाली 'प्रत्यक्ष बसवून खात्री केली', आणि पेन पुढे केलं. केली सही! करतो काय?

तेव्हा यापुढे कुणी विचारलं, हा आकडा आला कुठून... तर माझं नाव सांगा. फक्त सांगताना उभे राहा!