मोत्याला मुसकं

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघत शेळगावचे दोन म्हातारे माझ्या मागं बसले होते.

"तात्या, नारायणरावाच्या त्या रॉटवायलर कुत्र्याची तक्रार तुमीच केली व्हय?"

"केली की, आबा. पारावर आदी लोकं मला उठून जागा द्यायची. आता समदी त्याच्या दारात कुत्रं बघत बसत्यात."

"मग पोलीस काय म्हणाले?"

"मुसकं घातल्याबिगर रस्त्यावर फिरवायचं न्हाय."

"म्हंजे जिरली की त्याची."

"कशाची जिरतीया! मुसकं बघून लोकं जास्तच टरकत्यात. गाडी कडंला घेऊन नारायणरावाला रामराम घालत्यात."

"आन् ह्या पिशवीत काय हाय?"

"मुसकं. आमच्या मोत्याला."

"आवं, मोत्याला दात तरी ऱ्हायलेत का?"

"मुसक्यातनं कुणाला दिसत्यात?"