सोयाबीन थुंकणारे जिताडे

जिताडा मासाही रुसतो, हे मला उरणच्या आमच्या तळ्यावर कळलं. मासळीच्या भुकटीचं खाद्य वेळेवर मिळेना, म्हणून मी एका सकाळी एकदम सोयाबीनच्या पेंडीचं खाद्य टाकायला सुरुवात केली. मासे वर आले, दाणा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला.

तीन दिवस हेच चाललं. मी बांधावर येरझाऱ्या घालायचो, जेवता जेवता उठून पुन्हा तळ्यावर जायचो. चौथ्या दिवशी एक मोठा जिताडा लहान्याला शेपटीकडून गिळताना दिसला. खाद्य पुरवणाऱ्या साहेबांना लगेच फोन लावला.

"सवय होईल त्यांना, जरा धीर धरा," ते म्हणाले.

"तोवर एकमेकांना खाऊन संपतील, साहेब."

शेजारी मासळी सुकवणाऱ्या हसीनाचाची हे ऐकत होत्या. "नुसता सोया कोन खाईल? वास तरी हाय का त्याला?" असं म्हणून त्यांनी सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, उकळला, ते पाणी दाण्यांवर शिंपडलं आणि मूठभर दाणे तळ्यात फेकले. पाणी असं उसळलं की आम्ही दोघंही भिजलो.

दुसऱ्या दिवशी साहेब वही घेऊन हजर. "चाची, जवळ्याचं पाणी नेमकं किती घालायचं?"

"माशानं तोंड फिरवलं का समजायचं, कमी पडलं."

साहेबांनी तेच वहीत लिहून घेतलं.