काका मशीनवर बसले तेव्हा

अरे, काल काय झालं ऐका! परदेशात लाकूडकाम शिकल्यापासून मला परातीएवढा लाकडी वाडगा करायचा होता, काठाला झाडाची साल तशीच ठेवून. चिंचेचा वेडावाकडा ओंडका लाकूड कातायच्या लेथवर फिरू लागला आणि मशीनच थरथरत सरकायला लागलं. हादऱ्यानं साल सुटली असती तर सगळं वाया! तेवढ्यात शेजारचे जाडजूड शिवप्पाकाका आले आणि मशीनच्या खालच्या फळीवर ठाण मांडून बसले.

"चालव तू!"

वाडगा झाला, साल शाबूत! मी मशीन बंद करून ओरडलो, "काका, बघा तरी!"

काका डोळे मिटूनच म्हणाले, "बंद का केलंस? कंबर लई मोकळी होत होती की."

आज सकाळी अख्खी शुक्रवार पेठ दारात. मी आनंदानं वाडगा पुढे केला.

सगळ्यात पुढच्या आजी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे बाळा. बसायचं कुटं?"