साहेब बाहेर गेलेत

...आणि वर विचारतात काय, तर 'बाई, साहेब कुठे आहेत?' अहो, दारावर हातभर पाटी आहे! 'साप्ताहिक बावखल. संपादक, मुद्रक, प्रकाशक, मालक : क्लेमेंटीन.' (बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं.) चारही पदं तिचीच, मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून सही करून घेतलेली... तिथेही कारकुनाने 'मिस्टर आले नाहीत का?' विचारलंच म्हणा! तर पाटीखालून वाकून आत यायचं आणि कोपरापर्यंत शाई लागलेल्या एम. ए. बाईला विचारायचं, साहेब कुठे आहेत!

तुम्हाला सांगते, पहिली दोन वर्षं ती प्रत्येकाला समजावत होती. 'मीच संपादक.' 'हो, हो, पण साहेब?' शेवटी छपाईचे खिळे जुळवणारे गंगारामकाका वैतागले आणि त्यांनी एकाला ठोकून दिलं, 'साहेब बाहेर गेलेत!' केवढी भडकली ती! 'काका, आपण खोटं छापत नाही!' 'छापलं कुठे? नुसतं बोललो.'

तर ब्याऐंशी सालचा मे महिना, शनिवार, आणि तुळशीदासशेठ हजर. शेठ म्हणजे टँकरवाले. निर्मळ गावात स्वतःच्या वाडीतल्या विहिरीवर पंप लावायचा आणि पाणी नव्या इमारतींना विकायचं, हा धंदा. शेजारच्या विहिरी खारट झाल्या, शेजारणीच्या, द्वारकाबाईंच्या केळी उभ्या करपल्या, तर म्हणे देवाची करणी! हीच बातमी उद्याच्या अंकात. उद्याच का? तर उद्या मिस्सा सुटली की चर्चच्या दारात अंक विकायचा, आणि दुपारी गावची सभा, टँकरचा रस्ता अडवायचा की नाही. अंक चुकला की शेठ सभेत विचारायला मोकळे, 'पुरावा कुठाय?'

'बाई, साहेब कुठे आहेत? पूर्ण पानाची जाहिरात आणलीय. ती एक बातमी तेवढी... जाऊ द्या, त्यांच्याशीच बोलेन.'

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात काका, 'बाहेर गेलेत.'

'मग बसतो.' आणि बसले की! तिच्याच खुर्चीत!

तिने उभ्यानेच प्रूफ घेतलं. त्यांची पद्धत अशी, ती मोठ्याने वाचणार, काका मूळ कागदाशी ताडणार. '...या विहिरीवरून दररोज पाच टँकर...' पाचच, कारण द्वारकाबाईंनी दारात बसून पाच मोजले होते, आणि मोजलं तेवढंच छापायचं हा तिचा हट्ट. शेठ ताडकन उठले.

'पाच? अहो, पाचात डिझेल तरी सुटेल का? अकरा जातात, अकरा!'

काकांचा खिळे उचलायचा चिमटा हवेतच राहिला. तिने चष्म्यावरून पाहिलं. 'नक्की?'

'नक्की म्हणजे! बातमी जायची नाहीच, पण तोवर धंद्याचा अपमान कशाला?'

'विहीर एकच ना?'

'दोन! मागची कुणाला दिसतच नाही!'

'शेठ, नीट ऐका. संपादक मी आहे. हे तुमच्या नावानिशी छापणार आहे.'

शेठ काय हसले! 'छापा, छापा! साहेबांना येऊ दे, मग बघू. चहा सांगता का?'

तिने चहा सांगितला. आणि तुम्हाला सांगते, शेठ बशीत ओतून चहा फुंकत बसले, समोर मशीन खडखडत होतं, अकरा टँकर आणि दोन विहिरी त्यांच्या डोळ्यांदेखत कागदावर उतरत होत्या, आणि हे मधूनमधून दाराकडे बघतायत... साहेब आले का!

रविवारी सभेत अंक वाचला गेला. रस्ता अडला.

सोमवारी शेठ अंक फडकावत आत. 'छापलं कुणी हे?'

'मी.'

'ठरवलं कुणी?'

'मीच. बाहेर जा, पाटी वाचा, मग आत या.'

गेले. वाचली. मोठ्याने! संपादक, मुद्रक, प्रकाशक, मालक... काकांनी तर हातच जोडले, इतक्या वर्षांत पहिला वाचक! शेठ आत आले आणि आवाज खाली आणून, अगदी कळवळ्याने म्हणाले, 'ते सगळं खरं हो बाई... पण साहेब आल्यावर तुम्हाला ओरडतील, त्याचं काय?'

आणि जन्मात खोटं न छापलेली क्लेमेंटीन आपल्या खुर्चीत बसली, पेनाचं टोपण काढलं, पुढचं प्रूफ ओढलं आणि म्हणाली,

'बाहेर गेलेत. बसा... त्या स्टुलावर.'