एकट्याची फेरी

ओरेस्ट : ओल्यावर पाय देऊ नकोस. बर्फावर आत्ताच पाणी मारलंय.

डॅनिलो : सहा तास गाडी हाकत आलोय, बाबा. काठावरूनच बोलतो. परवा येताय ना विनिपेगला?

ओरेस्ट : परवा इथंही पोरांची हॉकीची मॅच आहे. मैदानाचा बर्फ कोण बघणार?

डॅनिलो : वासिलकाका बघतील.

ओरेस्ट : वासिल थंड पाणी मारतो. तो थर खालच्या बर्फाला धरत नाही, पापुद्रा सुटतो. तीस वर्षं सांगतोय, गरमच मार म्हणून.

डॅनिलो : या गावातून आजवर एकही पोरगा तिथपर्यंत पोचला नाही. परवा तुमचा पोरगा मोठ्या संघातून पहिल्यांदा उतरतोय, आणि तुम्ही मला पापुद्र्याचं सांगताय.

ओरेस्ट : टीव्हीवर बघेन. तू नोरीनला ने. सोळाव्या वर्षी घर सोडलंस ते तिच्याकडे राहून खेळलास. तिनं रांधून वाढलं तुला. मान तिचा आहे.

डॅनिलो : ती येतेय. तिच्या शेजारची खुर्ची तुमची. पहिल्या मॅचचा रिवाज ठाऊक आहे ना? मॅचआधी नवा खेळाडू एकटाच बर्फावर उतरतो, हेल्मेट न घालता. बाकीचे दारातच थांबतात, हसत. एक पूर्ण फेरी तो एकटा मारतो, घरच्यांना चेहरा दिसावा म्हणून.

ओरेस्ट : हेल्मेट न घालता? तुझी आई असती तर मैदानाभोवतीची काच चढून आत आली असती.

डॅनिलो : आई नाही. म्हणून तर तुम्ही या.

ओरेस्ट : कुठल्या तोंडानं येऊ? तिला पुरलं त्या दिवशी चर्चच्या पायरीवर तू काय म्हणालास, ते साऱ्या गावानं ऐकलंय. 'आई गेली होती, आणि तुम्ही मला खेळवलंत.' खरंच होतं ते. दुपारी तीनला बसल्या जागी गेली ती, आणि मी तुला मॅच संपल्यावर सांगितलं. मोठ्या संघांची माणसं तुला बघायला आली होती. वाटलं, एवढी एक मॅच होऊन जाऊ दे. चार वर्षं झाली, अजून घास नीट उतरत नाही.

डॅनिलो : मला माहीत होतं.

ओरेस्ट : काय माहीत होतं?

डॅनिलो : मॅचच्या दुपारी आम्ही झोपतो. त्या दिवशी मी जागा होतो. खाली नोरीनमावशी फोनवर म्हणाली, 'ओल्गा गेली? बरं ओरेस्ट, मॅच संपेपर्यंत नाही सांगणार त्याला.' मी डोळे मिटून पडून राहिलो. तिनं उठवल्यावर खाली गेलो, चिकन खाल्लं. परत मागून घेतलं, तिला संशय येऊ नये म्हणून.

(ओरेस्टच्या हातातली नळी एकाच जागी वाहत राहते.)

डॅनिलो : नळी, बाबा. खड्डा पडेल.

ओरेस्ट : पडू दे. पुढं?

डॅनिलो : पुढं दोन गोल मारले. त्या दोन गोलांवर माझी निवड झाली, करार झाला. आजचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. मला थांबता आलं असतं, मी थांबलो नाही. मग तुम्ही आलात, मान खाली घालून सांगितलंत. मला वाटलं, बरं झालं, दोष द्यायला कुणीतरी मिळालं.

ओरेस्ट : दर रविवारी तिच्या थडग्यापाशी माफी मागतो मी, डॅनिलो. दर रविवारी.

डॅनिलो : वासिलकाकांनी सांगितलं. म्हणून फोनवर नाही बोललो, इथं आलो. मारायचं तर मारा.

ओरेस्ट : सोळा वर्षांचा होतास तू.

डॅनिलो : चिकन मागून घेण्याइतका मोठा होतो.

ओरेस्ट : राग आलाय मला. फार आलाय. इतक्यात जायचा नाही तो.

डॅनिलो : नाही गेला तरी चालेल. रागावूनच या.

ओरेस्ट : वाटेत सहा तास आहेत म्हणालास. त्या दिवसाचं सगळं सांगशील? काही न गाळता?

डॅनिलो : सांगेन.

ओरेस्ट : मग तो खड्डा भरून घे. वासिलला निरोप दे, पाणी गरम मार म्हणावं. मी कोट आणतो.

डॅनिलो : बर्फ अर्धाच झालाय, बाबा.

ओरेस्ट : राहू दे अर्धा. आणि परवा ती एकट्याची फेरी जरा सावकाश मार. तुझ्या आईच्या वाटचंही बघायचंय मला.