अबू फर्हातला हाक

हॅलो? …कोण, रनीम? अगं, मोठ्यानं बोल… नको नको, मोठ्यानं नको, घसा सांभाळ! फोन नुसता तोंडाजवळ धर. …हं, आता येतंय ऐकू. मावशीच बोलतेय. दुसरं कोण असणार या पाचव्या मजल्यावर, पाय प्लास्टरमध्ये घालून?

…काय? आवाज परत फाटला? आत्ता, तालमीत? …शेवटच्या 'ला'वर, म्हणजे त्या अरबी 'नाही'वरच? …आणि तो पेटीवाला जाद काय म्हणाला? …गाणं दोन सुरांनी खाली घ्या? नाहीतर शेवट तो गाणार? त्या बोकडाच्या आवाजात? छे! अगं, गाणं तू लिहिलंस! त्यातली मुलगी सगळ्या घराला 'नाही' म्हणून दार उघडून निघते, आणि ते 'नाही' जाद म्हणणार?

रडू नकोस. रडलीस की घसा सुजतो. कार्यक्रमाला किती वेळ आहे? …पंधरा मिनिटं? पुष्कळ झाली. माझी बॅटरी चार टक्के आहे, आणि जनरेटरवाला मेला साडेपाचशिवाय वीज सोडत नाही. तेव्हा मी सांगते ते ऐक.

त्या 'ला'च्या आधी श्वास कसा घेतेस? घेऊन दाखव. …अरे देवा! समुद्रात बुडी मारायची आहे का तुला? एवढी हवा कोंडलीस की गळा दार लावूनच घेतो. अर्धाच घे. बरगड्या बाजूला उघडू देत, खांदे जागेवर. …हो, हो, भीती वाटणारच. तरी अर्धाच.

आणि हनुवटी? …बघ! वर करतेस ना? मला न बघता कळलं. सूर वर असला म्हणून मान वर करायची नसते. …अगं ऐक ना! त्या 'नाही'तला खरखरीतपणा घशातून ओढून आणायचा नाही. मागे ढोल जोरात वाजतो म्हणून त्याच्याशी भांडायचंही नाही. खालचा जाडा आवाज तसाच वर ढकलायला गेलीस की तो फाटणारच. वर जाताना त्याला बारीक होऊ दे, पुढे येऊ दे, वरच्या दातांमागे थरथरला पाहिजे.

…काय 'कळत नाही'? …मध? मधानं काही होत नाही, मध स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. चहात घाल आणि पी, तुला आवडतो म्हणून.

थांब. एक सांग. सात वर्षांची असल्यापासून या बाल्कनीतून सामानासाठी दोरीनं टोपली खाली कोण सोडायचं? …तूच ना? आणि खाली दुकानातल्या अबू फर्हातला हाक कोण मारायचं? …कशी मारायचीस? …हो, पाच मजले, खाली मोटारींचे हॉर्न, तरी म्हातारा पहिल्या हाकेत बाहेर! कधी घसा दुखला? …एकदा तरी? …मग!

तेच, बाळा, तेच! 'फर्हाआआत' मधला तो 'आ' आणि तुझा 'ला' एकाच जागी आहेत. तिथे तू गात नाहीस, हाक मारतेस. …हसू नकोस, मी खरं सांगतेय! माझ्याच अंगावर काटा आलाय बघ.

…मी? मी का नाही मारत हाक? …तुला माहीत आहे. सव्विसाव्या वर्षी मी असंच घसा ताणून गायले. स्वरतंतूंवर गाठी आल्या, आवाज गेला. …हो, परत आला. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. …हो, अठरा वर्षं झाली. भीती वाटते गं, म्हणून टोपलीला घंटी बांधली. झालं समाधान? आता माझं राहू दे, वेळ कुणाचा चाललाय?

तू कुठे आहेस, शाळेच्या पटांगणात? …गच्चीवर जायला जिना आहे ना? पळ. …पळताना बोलू नकोस! …पोचलीस? आपलं घर दिसतंय? दोन गल्ल्या तर आहेत. इकडे तोंड कर. फोन खाली धर, माझ्या कानाचा विचार कर. अर्धा श्वास. आणि अबू फर्हातला हाक मारून पुदिना माग. …लोक बघतात? बघू देत. पुदिनाच मागतेस, कुणाची मुलगी नाही!

…

…

रनीम! रनीम, हलू नकोस! …फोनमधून नाही गं, मी बाल्कनीत बसलेय, गच्चीवरून आला आवाज, हवेतून! आणि… अगं, ऐक, अबू फर्हात दुकानाबाहेर आला! शप्पथ! हातात पुदिना घेऊन वर बघतोय. …विचारतोय, 'पोरगी आली का? किती जुड्या?'

…हो, तोच सूर! जादच्या पेटीवर लावून बघ, तुझ्या 'ला'पेक्षा वरच असेल! …दुखलं? …अजिबात नाही? मग जा. स्टेजवर जाऊन तशीच हाक मार. दोन सूर खाली बिली काही नाही, सांग त्याला. …मीही रडत नाहीये. गप.

…काय? आता मी? …नको गं. घंटी आहे ना. …असं कसं, 'तू मारलीस तरच मी गाणार'? धमकी देतेस मावशीला? …रनीम, दोन टक्के राहिलेत… …बरं. बरं! धर.

…

अबू फर्हाआआत! एकच जुडी!

…

…ऐकलंस? रनीम? आला आवाज? …हॅलो? …हॅलो?

मेली बॅटरी.

…काय म्हणता? …अहो, घंटी नाही वाजवली, मीच ओरडले! मी, वदाद! …नाही, एकच जुडी. बांधा टोपलीत, आणि जरा गप्प राहा अबू फर्हात, पोरगी गाणार आहे आता!