चव न घेता

मझल : "...सव्वीस नोव्हेंबर, दोन हजार बावीस." म्हणजे परवापर्यंत चांगलं आहे. अजून काय वाचू या पाकिटावरचं?

लीलावती : कसं करायचं ते लिहिलं असेल ना, ते वाच. माझा चष्मा वर राहिलाय.

मझल : मग पाकीट तिथूनच धर, मी जवळ येणार नाही. "मेक्सिकन स्टाइल चोरिझो. पोर्क." बघ, कसं मोठ्या अक्षरांत छापलंय. माझ्यासारख्या ज्यू बाईसाठीच.

लीलावती : मी तरी कुठं हात लावतेय? कोविडमधले हातमोजे चढवलेत.

मझल : सॉसेजचं वरचं आवरण काढून आतला खिमा मोकळा करायचा म्हणे. काढ, बटाटा सोलतेस तसं.

लीलावती : शी, केवढं लिबलिबीत गं हे! वेद हे करायला घ्यायचा तेव्हा मी बागेत जाऊन उभी राहायचे. थंडीत सुद्धा. युनिव्हर्सिटीतून आला की एकीकडे बटाटे, एकीकडे हे. कोट काढायच्या आत कढई तापलेली असायची.

मझल : बाई, चातुर्मासात तुझ्या घरात कांदा-लसूण शिरत नसे. नातू राहायला आला आणि डुक्कर शिरलं!

लीलावती : शिरलं कुठं? त्याची कढई वेगळी, उलथनं वेगळं. दोन्ही बाहेर शेडमध्ये. सकाळी काढली तर कोळ्यानं आत घर केलेलं. दीड वर्ष झालं ना तो येऊन.

मझल : आता काय करतेस? तेल? तेल नको घालू. त्याचं त्यालाच सुटतं.

लीलावती : कोरड्या कढईत टाकायचं? माझा हात धजत नाही. चमचाभर घालते. आणि दोन दाणे मोहरी.

मझल : हिंग पण घाल की! तिकडे मेक्सिकोतल्या बायका छाती पिटतील.

लीलावती : पिटू देत. ...अगं, सुटलं बघ तेल. लालभडक. आता बटाट्याच्या फोडी टाकते.

मझल : वास मात्र... जाऊ दे. मी काही बोलले नाही.

लीलावती : मझल, मीठ कसं बघायचं गं?

मझल : माझ्याकडे बघू नकोस!

लीलावती : नैवेद्याचं तरी कुठं चाखून बघते मी? अंदाजानंच घालते. आजही तसंच.

मझल : नैवेद्य हा शब्द तू काढलास हं, मी नाही. तुझा देव आणि माझा देव, दोघं आज बागेत जाऊन उभे राहिले असतील. आणि एवढं सगळं कशासाठी? कॅनडाला निघालेलं पोरगं येणार तासाभरासाठी.

लीलावती : त्याला विचारायचंय मला. नकुल रीडिंगहून रोज फोन करतो. आई, कार्डिफचं घर वीक, आमच्याजवळ फ्लॅट घे. मी म्हटलं, वरची खोली तुझ्या लेकाची आहे. कॅनडाहून तो परत इथं येणार असेल तर घर राहू दे. त्याच्या तोंडून ऐकते, मग तुला सांगते.

मझल : आणि नाही म्हणाला तर?

लीलावती : भरल्या पोटी माणूस नाही म्हणत नाही.

मझल : माझी पोरं सगळी भरल्या पोटीच नाही म्हणाली. ...बेल वाजली. हातमोजे काढ आधी, सर्जन दिसतेस.

वेद : आजी! सॉरी, ट्रेन लेट होता. मझल आजी, तुम्ही पण आहात! वेट. हा वास... आजी, नो वे. तू केलीस?

लीलावती : मीच केलं. बस. हात धुतलेस का?

वेद : धुतो, धुतो. मला चारची ट्रेन घ्यायला लागेल, हां. पॅकिंग अजून झाला नाही.

मझल : आधी मीठ सांग बाबा. आम्ही दोघी जीव मुठीत धरून बसलोय.

वेद : परफेक्ट आहे. मोहरी आहे का यात?

मझल : सांगितलं होतं मी!

वेद : नो, नो, आय लव्ह इट. आपली बटाट्याची भाजी, बट नॉटी. टोरांटोमध्ये कोण देणार मला असा?

लीलावती : वेद, ती वरची खोली...

वेद : हां, तेच मला पण सांगायचा होता. आजी, तो खोली रिकामी कर ना प्लीज. माझे पोस्टर्स, बुक्स, सगळं चॅरिटी शॉपला दे. डॅड म्हणाला, तू बेडशीट पण दर महिन्याला बदलतेस. मला इतका वाईट वाटला. तू माझ्यासाठी नको थांबू, आजी.

लीलावती : मी कुठं थांबलेय?

वेद : तू काहीतरी विचारत होतीस ना?

लीलावती : तेच. पोस्टर्सचं काय करायचं ते. घे अजून थोडं.

वेद : फुल झालो.

लीलावती : मग डब्यात देते. गाडीत खा.

वेद : ट्रेनमध्ये नको, आजी. सगळा डबा वास मारेल. लोक बघतात.

लीलावती : बरं.

मझल : लीला, मी निघते गं.

लीलावती : बस ना जरा. तो जाईपर्यंत तरी बस.

(पुढच्या वसंतात घर विकलं गेलं. वेद टोरांटोत रमला, तिथंच लग्न केलं. लीलावती रीडिंगला नकुलच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि मझल लंडनला लेकीच्या गल्लीत. शुक्रवारी दुपारी, मझलचा शब्बाथ, म्हणजे सूर्यास्तापासूनचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत, दोघी फोनवर बोलतात.)

मझल : नकुल येतो ना गं?

लीलावती : रविवारी येतो. चहा घेतो. बाहेर गाडी चुकीच्या जागी लावलेली असते त्याची, मग उठतो.

मझल : आणि सून?

लीलावती : चांगली आहे. मेसेज करते.

मझल : जेवलीस काय आज?

लीलावती : भात लावला होता. एकटीला काय लागतं? तुझ्याकडे कोण येणार आज?

मझल : कोण येणार! नात टालिया मैत्रिणींबरोबर गेली, लेकीची नाइट ड्युटी. मीच माझी. ...लीला, अंधारायला लागलं. मेणबत्त्या लावायला हव्यात. एकदा लावल्या की मी फोनला हात लावत नाही, माहितीय ना तुला? चल, ठेवते.

लीलावती : थांब. ठेवू नकोस.

मझल : अगं, पण...

लीलावती : तसाच टेबलावर राहू दे. तू मेणबत्त्या लाव, प्रार्थना म्हण, जेव. माझ्याशी बोलू नकोस. ठेवायचा तेव्हा मी माझ्याकडून ठेवीन.

मझल : ऐकायला काय आहे इथं? एकटी बाई जेवणार.

लीलावती : भांड्यांचा आवाज येईल की.